शॉक अ‍ॅब्सॉर्बर भार पेलत नाहीत, चाक रस्त्यावर ठेवतात : मालवाहू पिकअपमधील झीज, तपासणी आणि बदल

नाशिक जिल्ह्यातून द्राक्षे आणि टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरणारी पिकअप असो, हिमाचल प्रदेशातील बागांतून सफरचंदांच्या पेट्या बाजारापर्यंत आणणारी असो, किंवा कर्नाटकातील कोलारच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेली असो. शेतमालाच्या प्रवासातील पहिला टप्पा बहुधा अशाच छोट्या मालवाहू वाहनावर पार पडतो. या वाहनांच्या देखभालीत इंजिन ऑइल, क्लच, ब्रेक आणि टायर यांच्याकडे मालकाचे लक्ष असते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘शॉकअप’, मात्र सर्वांत शेवटी आठवतात. ते निकामी झाले तरी गाडी बंद पडत नाही, हे त्याचे साधे कारण.

धोकाही नेमका तेथेच आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका दिवसात बिघडत नाही. त्याची पकड महिनोन्महिने थोडीथोडी सुटत जाते आणि रोज तीच गाडी हाकणारा चालक त्या बदलाला नकळत सरावतो. दरम्यान त्याची किंमत टायर, खराब झालेला माल, वाढलेले ब्रेकचे अंतर आणि चालकाची कंबर अशा वेगवेगळ्या रूपांत चुकती होत असते. म्हणून हा छोटा सुटा भाग नेमके काय करतो आणि तो केव्हा व कसा बदलावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

नेमके काम काय?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचा भार उचलून धरतात, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. भार उचलण्याचे काम स्प्रिंगचे, म्हणजे मागील अ‍ॅक्सलवरील पाट्यांचे किंवा पुढील गुंडाळीच्या स्प्रिंगचे असते. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेले की स्प्रिंग दबते आणि धक्क्यातील ऊर्जा साठवते. परंतु साठवलेली ऊर्जा ती तशीच परतही करते. केवळ स्प्रिंगच्या भरवशावर चालणारी गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वर-खाली हेलकावत राहील.

हे हेलकावे शमवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रे व झडपा असलेला दट्ट्या असतो. चाक वर-खाली झाले की दट्ट्याला तेलातून वाट काढावी लागते. तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाताना विरोध निर्माण होतो, गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि ती नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. बहुतेक शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबताना कमी आणि ताणले जाताना अधिक विरोध करतील, अशा बेताने बनवलेले असतात, कारण दबलेल्या स्प्रिंगची उसळी आवरणे हे त्यांचे मुख्य काम होय.

या कामाला दोन बाजू आहेत. गाडीचे अंग साधारणपणे सेकंदाला एक ते दोन वेळा झुलते. त्याचा संबंध आरामाशी आणि तोल राखण्याशी आहे. चाक आणि अ‍ॅक्सल मात्र सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा थरथरू शकतात. त्याचा संबंध सुरक्षिततेशी आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर पुढे जाते. चाक त्याच लयीत उसळू लागले, तर जवळजवळ प्रत्येक मीटरला एकदा त्याचा रस्त्यावरील दाब कमी होतो. टायरची पकड या दाबावरच अवलंबून असते. दाब कमी झालेल्या क्षणी ब्रेक कितीही उत्तम असले तरी त्यांना धरायला रस्ताच पुरेसा मिळत नाही.

पिकअपमध्ये प्रश्न अधिक नाजूक का?

प्रवासी मोटारीत चार माणसे बसली तरी मागील अ‍ॅक्सलवरील भारात मर्यादित फरक पडतो. पिकअपचे तसे नसते. सकाळी हौदा भरून गेलेली गाडी दुपारी रिकामी परतते आणि या दोन स्थितींत मागील अ‍ॅक्सलवरील भार कित्येक पटींनी बदलतो. पाटे भरल्या गाडीच्या हिशेबाने कडक ठेवलेले असतात. त्यामुळे रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून उड्या मारते. एकाच शॉक अ‍ॅब्सॉर्बरला या दोन्ही टोकांचा सांभाळ करावा लागतो.

पाट्यांचा आणखी एक गुण येथे दिशाभूल करतो. एकावर एक रचलेले पाटे वाकताना परस्परांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे काही प्रमाणात आपोआप शमतात. म्हणून जुन्या पद्धतीच्या अनेक पाट्यांच्या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपला तरी तो चटकन जाणवत नाही. अलीकडच्या अनेक वाहनांत कमी संख्येचे, मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे पॅराबोलिक पाटे असतात. त्यांत घर्षण कमी असल्याने प्रवास मऊ होतो, पण हेलकावे शमवण्याची जवळजवळ सर्व जबाबदारी शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर येते.

क्षमतेपेक्षा अधिक माल भरता यावा यासाठी जादा पाटा चढवण्याची पद्धतही सर्वत्र दिसते. पाटा वाढला की स्प्रिंग अधिक कडक होते आणि तिची उसळीही अधिक जोराची होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र मूळ पाट्यांसाठी बनवलेलाच राहतो. ही उसळी आवरताना त्याच्यावर अधिक ताण येतो आणि तो लवकर झिजतो. जादा पाट्याने गाडी ‘बसत’ नाही, एवढे खरे. ती अधिक सुरक्षित होते, असे नाही.

झीज कशी होते?

झिजण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला, दांड्याभोवतीचे रबरी सील झिजते आणि तेल गळते. दांड्यावरील क्रोमचा चकचकीत थर चिखल, खडी किंवा गंजामुळे खरवडला गेला की तोच दांडा प्रत्येक फेरीत सील कापत जातो. दुसरा, आतील झडपा आणि दट्ट्या झिजतात; बाहेरून नळी कोरडी दिसते, पण तेल विरोधाविनाच इकडून तिकडे जाते. तिसरा, सततच्या वेगवान हालचालीने तेलात हवा मिसळून फेस होतो आणि फेस दट्ट्याला अडवू शकत नाही. हे टाळण्यासाठी अनेक शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. चौथा, दोन्ही टोकांची रबरी बुश झिजतात आणि खडखडाट सुरू होतो.

आयुर्मानाचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. सुमारे ८०,००० किलोमीटर हा बदलाचा विचार करण्याचा टप्पा म्हणून सामान्यतः सांगितला जातो. तथापि कच्चे रस्ते, ऊसतोडीच्या काळातील शेतवाटा, खाणींकडील मार्ग आणि कायमचा जादा भार यांमुळे हा टप्पा बराच अलीकडे येतो. म्हणून किलोमीटरपेक्षा खुणांवर भर देणे अधिक योग्य ठरते.

खुणा कशा ओळखाव्यात?

नळीवर तेलाचा पातळ ओशट थर आणि त्यावर धूळ बसलेली दिसणे, ही लगेच बदलण्याची खूण नव्हे. दांड्याला वंगण मिळताना थोडे तेल बाहेर येतेच. मात्र नळीवरून ओघळ खाली उतरत असेल, किंवा पुसून काढल्यानंतर काही दिवसांत ती पुन्हा ओली होत असेल, तर सील गेले आहे असे समजावे.

टायर हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. तळव्यावरून हात फिरवला असता थोड्याथोड्या अंतरावर खोलगट भाग लागत असतील, तर चाक रस्त्यावर आपटत चालले आहे असा त्याचा अर्थ होतो. हवा कमी-जास्त असल्याची किंवा अलाइनमेंट बिघडल्याची झीज वेगळी असते. ती कडांना, मध्यभागी किंवा एकाच बाजूला सलग दिसते. चाकाचे बेअरिंग सैल असणे किंवा बॅलन्सिंग बिघडणे यांमुळेही खोलगट झीज होऊ शकते, त्यामुळे त्यांचीही तपासणी सोबतच करावी.

ब्रेक दाबताच गाडीचे नाक खोल झुकणे, वळणावर हौदा बाहेरच्या बाजूला कलंडल्यासारखा वाटणे, गतिरोधकानंतर गाडी एकदा बसून स्थिर न होता पुन्हा पुन्हा झुलणे आणि खडबडीत वळणावर मागची बाजू सरकणे, या चालवताना जाणवणाऱ्या खुणा आहेत.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची प्रचलित परीक्षा मोटारीत काही अंशी उपयोगी पडते. पिकअपचे मागील पाटे इतके कडक असतात की माणसाच्या जोराने ते पुरेसे दबतच नाहीत. त्यापेक्षा अनुभवी मेकॅनिक दुसरी युक्ती वापरतात. खराब रस्त्यावर १०-१५ किलोमीटर चालवून गाडी थांबवली की प्रत्येक नळीचे तापमान हाताने तपासायचे. काम करणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोमट किंवा गरम लागतो. त्याच अ‍ॅक्सलवरचा दुसरा थंड असेल, तर तो काम करत नाही. ही तपासणी गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि सायलेन्सरच्या नळीपासून हात दूर ठेवूनच करावी.

खर्च कोणत्या खात्यात पडतो?

बहुतेक छोट्या मालवाहू वाहनांत मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी बहुधा एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडते. टायर मात्र वेळेआधी बाद होतात ते जोडीने किंवा चारही. पाट्यांचे बुश, यू-बोल्ट, हौद्याचे जोड आणि दिव्यांचे होल्डर यांनाही सततची थरथर सैल करते.

मालाचे नुकसान तितके उघड दिसत नाही. फळे केवळ खालच्या थरात दबूनच खराब होतात असे नाही. थरथरीमुळे रचलेल्या क्रेटच्या सर्वांत वरच्या थरातील फळे सैल होऊन उडतात, परस्परांवर घासतात आणि साल खरचटते. हौद्याचा मागील अ‍ॅक्सलच्याही पलीकडे गेलेला भाग सर्वाधिक हादरतो. डाग बाजारात पोहोचल्यावर, कधी तर दुसऱ्या दिवशी दिसतात आणि भाव पाडला जातो तो शेतकऱ्याच्या मालाचा. गाडीच्या दुरुस्तीशी त्याचा संबंध क्वचितच कोणी जोडतो.

चालकाच्या शरीराचा हिशेब तर कोणत्याच वहीत नसतो. आसनावाटे संपूर्ण शरीराला बसणारी कंपने आणि कंबरदुखी यांचा संबंध व्यावसायिक आरोग्यशास्त्रात मान्य झालेला आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी अशा कंपनांची कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवली असून ०.५ च्या पातळीपासूनच मालकाने उपाय योजावेत, असे म्हटले आहे. चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा या उपायांपैकी एक आहे.

खरेदी करताना

पहिला नियम असा की, एका अ‍ॅक्सलवरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच वेळी बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल, तर ब्रेक दाबताना किंवा वळताना गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही.

एकाच नावाच्या पिकअपचे वेगवेगळ्या भारक्षमतेचे प्रकार असतात आणि त्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही वेगळे असू शकतात. म्हणून केवळ गाडीचे नाव न सांगता चासी क्रमांकावरून सुट्या भागाचा क्रमांक काढावा. बसवण्यापूर्वी जुना आणि नवा शेजारी धरून पूर्ण दबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि बुशचा आकार जुळवून पाहावा. लांबी कमी असेल, तर चाक खड्ड्यात उतरताना नळी ताणून तुटते. जास्त असेल, तर भरल्या गाडीत ती आतून आपटते.

या भागांचे उत्पादन देशातच मोठ्या प्रमाणावर होते. १९६१ मध्ये स्थापन झालेली पुण्याची गॅब्रिएल इंडिया ही या क्षेत्रातील जुनी कंपनी. तरीही जुन्या नळ्या उघडून, तेल भरून आणि रंग देऊन विकलेला माल बाजारात मिळतो. त्यांत झिजलेल्या झडपा आणि खरवडलेला दांडा तसाच राहतो. पक्के बिल, सीलबंद खोके आणि हमीपत्र यांचा आग्रह धरणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

मागील जोडी बदलण्याची रीत

पाट्यांच्या मागील अ‍ॅक्सलवरील बदल हे तुलनेने सोपे काम आहे. सराईत मेकॅनिकला त्यासाठी तास-दोन तास पुरतात. तरीही काही पायऱ्या चुकवून चालत नाही.

गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडी रिकामी करून सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी, गिअरमध्ये ठेवावी आणि पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने उचलल्यानंतर चासीखाली मजबूत स्टँड लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर तोललेल्या गाडीखाली काम करणे जिवावर बेतू शकते.

यानंतरची पायरी अनेकदा दुर्लक्षित राहते. अनेक वाहनांत अधांतरी लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलला शॉक अ‍ॅब्सॉर्बरच आणखी खाली जाण्यापासून अडवून धरतो. तो सोडवताच अ‍ॅक्सल एकदम खाली येतो आणि ब्रेकच्या रबरी नळीवर ताण पडतो. म्हणून अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून त्याला आधार द्यावा आणि मगच बोल्ट सैल करावेत.

जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढताना नळी गॅसच्या ज्योतीने तापवू नये. आत तेल, आणि अनेकदा दाबाखालील वायू असल्याने ती फुटू शकते. बोल्ट निघतच नसेल, तर तो कापणे अधिक सुरक्षित असते. नवा भाग बसवताना दांडा पकडीने धरून फिरवू नये. क्रोमवर उमटलेला एक ओरखडाही नवे सील काही महिन्यांत संपवू शकतो.

दोन नळ्यांच्या रचनेचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुकानात आडवा पडलेला असतो आणि त्यामुळे आतील हवा तेलाच्या कक्षात शिरते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि ताणावा. सुरुवातीचा पोकळपणा जाऊन विरोध सारखा जाणवला की तो तयार झाला. वायूचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पट्टीने दाबून बांधलेला येतो. त्याचे एक टोक बसवल्यानंतरच पट्टी कापावी.

सर्वांत महत्त्वाची पायरी शेवटी येते. बोल्ट प्रथम हाताने बसतील एवढेच आवळावेत. चाके लावून, स्टँड काढून, गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी राहिल्यानंतरच ते टॉर्क पान्याने, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने पक्के करावेत. अ‍ॅक्सल लोंबत असताना बोल्ट पक्के केले, तर रबरी बुश त्याच स्थितीत जखडले जाते आणि गाडी खाली येताच कायमचे पिळलेले राहते. अशी बुश लवकर फाटतात आणि दोष मात्र नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर येतो.

पुढील चाकांबाबत सावधगिरी

पुढेही पाटे असलेल्या वाहनांत काम याच रीतीने होते. काही छोट्या मालवाहू वाहनांत मात्र पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे गुंडाळीच्या स्प्रिंगमध्येच बसवलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. तेथे स्प्रिंग प्रचंड जोराने दबलेली असते. वरचा नट चुकीच्या क्रमाने सोडवल्यास ती उसळून गंभीर इजा करू शकते. हे काम स्प्रिंग दाबण्याचे योग्य साधन असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावे आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

बदलानंतर

काम झाल्यावर गाडी प्रथम रिकामी आणि नंतर भरून थोडे अंतर चालवून पाहावी. काहीशे किलोमीटरनंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा तपासावेत. आधीच खोलगट झिजलेले टायर नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरने पूर्ववत होत नाहीत. त्यांचा आवाज आणि थरथर काही काळ राहते, ती नव्या भागाची समजू नये. काढलेल्या नळ्यांमधील तेल जमिनीवर किंवा गटारात न सांडता वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत अधिकृत संकलनाकडे द्यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. सध्याच्या नियमांनुसार आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी ते दोन वर्षांचे, तर त्याहून जुन्या वाहनासाठी एक वर्षाचे असते. दोन पासिंगमधील या काळात पिकअप हजारो किलोमीटर धावते, त्यामुळे त्या एका दिवसाच्या तपासणीवर विसंबून राहता येत नाही. क्षमतेहून अधिक भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड चुकला तरी त्या भाराची वसुली पाटे, टायर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्याकडून होतच राहते.

प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी वर घेतलेलीच असते. तेव्हा चारही नळ्या कोरड्या आहेत का, बुश शाबूत आहेत का आणि टायरचा तळवा सपाट लागतो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. हंगाम सुरू होण्याआधी ही पाच मिनिटे दिली, तर भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकला रस्ता सापडतो.